धोंडीदादांचा उभा फोटो

आठ जणांनी नुसते चेहरे पाठवले आणि धोंडिरामने अख्खा धोंडिराम पाठवला, डोक्यापासून चपलेपर्यंत.

वनमालाने मोबाइल लांब धरून फोटो बघितला. गावच्या घराला नवा रंग दिला होता, त्या दारासमोर तो उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. राष्ट्रगीत सुरू असताना कोणी फोटो काढला असावा, तसा. खाली मेसेज होता, 'हो चलात मा?'

'चालेल,' असं तिने लिहिलं. फोटो कशाला हवा होता ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यावर करण्यासारखे सगळे विनोद गेल्या अकरा वर्षांत करून झाले होते. वनमाला इथे फोन घ्यायला लागली. लिफ्ट बंद पडली की सोसायटीवाले जो नंबर फिरवतात, त्या नंबरामागचा आवाज तिचा. मग कोणीतरी म्हणालं, रजिस्टरऐवजी कॉम्प्युटरवर लिहा. तिने लिहिलं. मग कोणी म्हणालं, बेरीज कॉम्प्युटरच करतो. तिने व्हिडिओ बघून बघून तेही शिकून घेतलं. इंग्रजी बोलणारा मास्तर काय म्हणतोय ते कळायचं नाही, पण त्याचा बाण कुठे जातो ते दिसायचं. बोरीवलीच्या घरी भाजी फोडणीला टाकून ती मास्तराच्या बाणामागून फिरायची. आज ऑफिसात कोणालाही एक्सेलमध्ये काही अडलं की 'वनमाला मॅडमना विचार' असं म्हणत, आणि तिला दर वेळी वाटे, आज आपलं पितळ उघडं पडणार.

सोमवारी अनय सरांनी तिला बोलावलं होतं. अनय सर बत्तीस वर्षांचे, या ऑफिसात येऊन पाच महिने झालेले. माणूस वाईट नव्हता. फक्त सारखा घाईत असायचा.

"मॅडम, गुरुवारी हेड ऑफिसहून इरावती मॅडम येतायत. महिनाअखेर मेकॅनिकची वर्षाची काँट्रॅक्टं संपतात ना. तीन महिन्यांची सरासरी काढायची. महिन्याला चाळीस कॉल हा नॉर्म. चाळीसच्या खाली जो असेल त्याचं काँट्रॅक्ट पुढे चालणार नाही. वरूनच आलंय."

"कॉलची यादी आहे माझ्याकडे, सर. देते."

"यादी नको हो. आकडे बघून माणसं पेंगतात. चार्ट करा. आणि ते ठिपके असतात ना, त्या जागी प्रत्येकाचा फोटो. मी बघितलाय एक, झकास दिसतं. मध्ये एक लाल रेष मारा चाळीसला. रेषेच्या वर कोण, खाली कोण, एका नजरेत कळलं पाहिजे. जमेल?"

"जमेल की," वनमाला म्हणाली. तिला येत नव्हतं. ते बुधवारपर्यंत आलं.

पण जमवता जमवता एक गोष्ट तिच्या हाती आली, ती तिने कोणाला दाखवली नाही. काम झालं की मेकॅनिक सोसायटीच्या सहीशिक्क्याची स्लिप भरतो आणि तिचा फोटो वनमालाला पाठवतो. त्या स्लिपांवरून तिने प्रत्येकाच्या नावापुढे कॉल मोजले होते. सात जण चाळीसच्या पुष्कळ वर होते. रुचिराची सरासरी बेचाळीस आली. आणि धोंडिरामची अडतीस.

तिने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तर एकेका स्लिपवर बोट ठेवून. अडतीसच.

धोंडिराम छप्पन्न वर्षांचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा हा वायरमनचं शिकत होता. जोगेश्वरीला राहायचा. उजवं ढोपर कामातून गेलेलं, पण लिफ्टच्या मशीनचा नुसता आवाज ऐकून तो काय बिघडलंय ते सांगायचा. वनमालाचा नवरा हॉस्पिटलात होता ते तीन आठवडे हा माणूस रोज संध्याकाळी उलटी वाट करून यायचा, खुर्चीवर दहा मिनिटं काही न बोलता बसायचा आणि जायचा. नवरा गेला तेव्हाही तसाच आला, तसाच बसला. छप्पन्नाव्या वर्षी, असलं ढोपर घेऊन, त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

गुरुवारी सकाळी अकरा वाजता नऊच्या नऊ फोटो आले. मीटिंग तीनला. वनमालाने चहा बाजूला सारला आणि कामाला बसली.

फोटो नऊ तऱ्हांचे. सिद्धेश गॉगल लावून. रुचिराने नॅशनल पार्कातला सेल्फी पाठवला होता, हात लांब करून काढलेला. वर झाडं आणि ढीगभर आकाश, खाली कोपऱ्यात हसणारी रुचिरा. वनमालाने आधी सगळ्यांची मागची दृश्यं पुसून टाकली. एक बटण दाबलं की झाडं जातात, आकाश जातं, घराचा नवा रंग जातो, माणूस तेवढा उरतो. मग सगळ्यांची रुंदी सारखी केली, कोणी लहान कोणी मोठा नको. मग एकेक फोटो कॉपी करायचा, चार्टमधल्या त्याच्या ठिपक्यावर एकदा टिचकी मारायची, थांबून आणखी एकदा, आणि चिकटवायचा. पहिल्याच टिचकीला चिकटवलं तर नऊही ठिपक्यांचा सिद्धेश होतो. तसा तो एकदा झालाही. नऊ गॉगल तिच्याकडे बघायला लागले.

शेवटी धोंडिराम राहिला. त्याला चिकटवताना तिने नजर कीबोर्डवर ठेवली. मग वर बघितलं.

त्याचा चेहरा लाल रेषेच्या वर होता.

चांगला वर होता. रेषा त्याच्या छातीवरून आडवी गेली होती, आणि तिच्यावरून धोंडिराम समोर बघत होता, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिल्यासारखा.

वनमालाच्या छातीवरचं ओझं सरसर खाली उतरलं. म्हणजे आपणच चुकलो असू. अडतीसच्या जागी अठ्ठेचाळीस असेल. किंवा या चार्टने काहीतरी आपल्याआपण नीट करून घेतलं असेल, मशीन आहे, त्याला जास्त कळतं. बाण त्याच्या चेहऱ्यावर नेला असता तर छोटी चौकट उघडून आकडा दिसला असता. तिने बाण नेला नाही. तिने चहा घेतला. तो गार झाला होता, तरी सगळा प्यायली.

रुचिरा मात्र जरा खाली दिसत होती. वनमालाने तेही बघितलं आणि बघितलं नाही.

अनय सर मागून डोकावले. "वा! हेच हवं होतं. हे आकडे काढून टाका फक्त, बाजूला लिहिलेत ते. गर्दी होते. नावंही नकोत. चेहरे आहेत ना."

"आकडे असू देत ना, सर. कोणी विचारलं तर..."

"कोणी विचारणार नाही, मॅडम. म्हणून तर चेहरे."

तिने आकडे काढले.

एकच्या सुमाराला धोंडिराम स्वतः जिना चढून आला. एकेक पायरी घेत, कठड्याला धरत. मागून रुचिरा, हातात दोन हेल्मेटं. रुचिरा सव्वीस वर्षांची, भांडुपची, आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी लागलेली. कंपनीतली पहिली बाई मेकॅनिक. सुरुवातीला सोसायटीचे सेक्रेटरी तिला बघून विचारायचे, "मेकॅनिक कधी येणार?" ती म्हणायची, "आलाय, पाणी पितोय." आणि बाटली तोंडाला लावायची.

"घाटकोपरचा कॉल आहे, दरवाजाचा स्विच न्यायचाय," रुचिरा म्हणाली. "ताई, पटकन दे ना गं स्पेअरच्या खोलीची चावी. याला घेऊन मला पोचायचंय, आणि हा मागे बसला की स्कूटर चढावर रडते."

"माका रडवतंस ता सांग आधी," धोंडिराम म्हणाला. "खड्डो बघून चलवता गो बाय ही. एक सोडूक नाय." तो बोलता बोलता वनमालाच्या स्क्रीनकडे वळला. तिला झाकायला वेळच मिळाला नाही.

"हां काय? मी मा हो?"

"हो, म्हणजे... सरांनी सांगितलंय. कॉलचा चार्ट आहे."

तो वाकून बघत राहिला. डोळे बारीक केले. "फोटो बरो इलो. सगळ्यांत उंच मीच आसंय."

"आणि मी काय खड्ड्यात?" रुचिरा म्हणाली. "बघ की, मी एकटीच खाली. ही लाल तार कसली?"

"नॉर्म आहे," वनमाला म्हणाली. "चाळीसचा."

"मी चाळीसच्या खाली नाहीये, ताई. मी मोजते स्वतःचे." रुचिरा हसत बोलली, पण हसू ओठांवरच राहिलं.

"जा गं, कॉल चुकेल," वनमाला म्हणाली आणि चावी दिली. ती दोघं गेल्यावर तिने पाहिलं, चावीच्या खणावर तिच्या बोटांचे घामट ठसे उमटले होते.

तेव्हा तरी बघायला हवं होतं. दोन तास होते हातात. तिने त्या दोन तासांत चार्टची चौकट निळी केली, मग करडी केली, मग परत निळी.

तीन वाजता इरावती मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा डोक्यावर सरकवलेला. जिना चढून दम लागला होता. "लिफ्टवाल्यांच्या ऑफिसला लिफ्ट नाही," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही, मग त्याच थोड्या हसल्या.

वनमालाने लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. नऊ माणसं भिंतीवर आली. स्क्रीनवर बोटभर होती ती टीव्हीवर वीतभर झाली.

"तर मॅडम, हे आपले नऊ मेकॅनिक," अनय सर म्हणाले. "लाल रेष म्हणजे नॉर्म. बघितल्याबरोबर कळतं. आठ जण वर. खाली फक्त ही एक. रुचिरा."

"ही मुलगी?" इरावती मॅडमनी चष्मा खाली ओढला. "दोन वर्षं झाली ना तिला? अरेरे. बरी आहे असं ऐकलं होतं."

"मेहनती आहे. पण आकडे आकडे आहेत."

आकडे कुठे होते? वनमाला टीव्हीकडे बघत राहिली. रुचिराची हनुवटी रेषेखाली टांगल्यासारखी दिसत होती. बेचाळीस. वनमालाने स्वतःच्या हाताने टाकलेला आकडा, बेचाळीस. आणि पलीकडे धोंडिराम, राष्ट्रगीताला उभा.

"मग हिचं नाव पाठवूया," इरावती मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, पाच मिनिटं द्याल?" वनमालाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चार्टमध्ये काहीतरी चुकलंय."

"काय चुकलंय?" अनय सरांनी मान वळवली.

"तेच बघून येते."

तिने वायर काढली आणि लॅपटॉप छातीशी धरून ती बाहेर स्पेअर पार्टच्या खोलीत गेली. तिथे एका खोक्यावर लॅपटॉप ठेवला, दुसऱ्या खोक्यावर स्वतः बसली. बाण रुचिराच्या चेहऱ्यावर नेला. चौकट उघडली. बेचाळीस. धोंडिरामवर नेला. अडतीस.

मग तिने चार्टबाहेर ठेवलेल्या मूळ फोटोंवर टिचकी मारली, आणि फोटोभोवतीची चौकट उमटली. रुचिराचं आकाश पुसलं होतं, पण त्याची जागा तशीच होती. दिसत नव्हती एवढंच. चौकटीचा वरचा सगळा भाग रिकामा, रुचिरा तळाशी. चार्टला आकाश आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तो चौकटीचा मध्य काढतो आणि तो मध्य आकड्यावर ठेवतो. रुचिराचा बेचाळीस तिच्या डोक्यावरच्या हवेत होता. आणि धोंडिरामचा मध्य होता त्याच्या पट्ट्याच्या बकलावर. अडतीसला बक्कल, आणि चेहरा तिथून हातभर वर.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. दोन्ही फोटो कापायचे, चेहरा तेवढा ठेवायचा. रुचिरा वर जाईल. आणि धोंडिराम खाली येईल.

कापायची खूण तिने रुचिराच्या फोटोला लावली. आकाश कापलं. चिकटवलं. रुचिरा टुणकन रेषेच्या वर आली. मग धोंडिरामच्या फोटोवर बाण नेला आणि तिचं बोट हलेना. गळ्यापाशी कापायचं होतं.

इतका लहान करून ठेवलेला फोटो, नुसता चेहरा कापला तर फुटका दिसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. नवा फोटो मागवायला हवा. हे खरं होतं आणि बहाणाही होता. तिने फोन लावला.

पलीकडे मशीनची घरघर ऐकू आली. तो वर, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होता.

"बोल गो बाय."

"दादा, एक फोटो हवाय. नुसता चेहरा. आत्ता."

"तो उभो चलना नाय?"

"नाही चालत."

"कित्याक?"

ती खोटं बोलणार होती. शब्दही तयार होते. "दादा, तुमचे अडतीस येतात," ती म्हणाली. "चाळीस हवेत. उभ्या फोटोमुळे तुम्ही वर दिसलात आणि रुचिरा खाली. आत रुचिराचं नाव काढायला निघालेत. मला दुपारीच शंका आली होती. मी बघितलं नाही."

घरघर थांबली. त्याने मशीन बंद केलं असावं.

"अडतीस," तो म्हणाला.

"हो."

"मगे कापून टाक तो फोटो. त्या चेडवाचा, रुचिराचा नाव कित्याक जाता? तेचो काय संबंध?" जरा थांबून म्हणाला, "तू रडतंस की काय? रडा नको. काम कर आपला." मग तोंड फोनपासून लांब नेऊन त्याने खाली हाक मारली, "रुचिरा, झाला गो. बघ चलता काय. आणि स्लिप भरून घे."

वनमालाने डोळे पुसले. मग तिचा हात तसाच गालावर राहिला.

"दादा, स्लिप ती का भरते? मशीन तुम्ही दुरुस्त केलंत ना?"

"मी वर असतंय. सेक्रेटरी खाली. सही खाली घेवची लागता. सात माळे उतरून परत चढाक माका ढोपार नको? जो खाली असता तो भरता. तेका काय झाला?"

"नेहमी?"

"जोडीन जातो तेव्हा नेहमी."

"आणि खाली जो असतो, नाव त्याचंच?"

"स्लिपेर जागा एकाच नावाची आसा," धोंडिराम म्हणाला आणि एकदम गप्प झाला. हुशार माणूस. वनमालाच्या डोक्यात जे चाललं होतं ते त्याला तारेतून ऐकू गेलं. "बाय, ता सांगू नको हां. तां चेडू खाली उभ्या रवान दरवाजे खोलता, आतल्या माणसांक धीर देता. काय नुसता सही करूक ऱ्हवना नाय. तेच्या पानातला काढून माज्या पानात घालू नको. अडतीस तर अडतीस."

फोन बंद झाला.

वनमाला खोक्यावर बसून राहिली. आतून अनय सरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाच मिनिटांची आठ झाली होती. सांगितलं तर रुचिराचे कमी होतात. न सांगितलं तर धोंडिराम जातो. आणि खरं काय, तर कोणाचे किती हे ज्या कागदावरून ती तीन वर्षं मोजत आली, त्या कागदालाच ते माहीत नव्हतं. तिने बोट ठेवून ठेवून मोजलं होतं. बोट दर वेळी बरोबर पडलं होतं.

मोबाइल वाजला. रुचिराने फोटो पाठवला होता.

घाटकोपरच्या त्या सोसायटीची लिफ्ट. मागे दार जेमतेम दिसणारं, पुढे दोघं. धोंडिराम लिफ्टनेच खाली आलेला, घामाने निथळलेला, काय चाललंय ते न कळल्यासारखा बघणारा. त्याच्या खांद्याला खांदा लावून रुचिरा. हात लांब न करता, जवळून काढलेला. दोनच चेहरे, कडेपर्यंत.

खाली लिहिलं होतं, 'जिन्याच्या पोकळीत आवाज घुमतो, ताई. सगळं ऐकलं मी. स्लिपवर नाव माझं, काम दोघांचं. आत जाऊन सांग. नाहीतर मी येऊन सांगते.' आणि लगेच दुसरा मेसेज, 'माझे कमी झाले तर होऊ देत. मला भीती वाटतेय पण सांग.'

वनमालाने तो फोटो लॅपटॉपवर घेतला. यावेळी मागचं काही पुसलं नाही. चौकट नीट बघितली. वर रिकामं नाही, खाली रिकामं नाही. मग तिने दोघांचे जुने ठिपके काढून टाकले. अडतीस आणि बेचाळीस, मिळून ऐंशी. दोघांना प्रत्येकी चाळीस. ठिपका एकच ठेवला. त्यावर टिचकी मारली, थांबली, आणखी एकदा मारली, चिकटवला.

लाल रेषा दोघांच्या नाकांवरून गेली.

ती आत गेली तेव्हा इरावती मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. तिने वायर जोडली. भिंतीवर सात माणसं वर, आणि मधोमध रेषेवर दोघांचा एक फोटो.

"हे काय?" अनय सर म्हणाले. "मॅडम, दोन माणसं एका पॉइंटला?"

"सांगते, सर." तिचे हात टेबलाखाली एकमेकांत गुंतले होते. "आधीचा चार्ट चुकला. चूक माझी. फोटोचा मध्य आकड्यावर बसतो, चेहरा बसत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रुचिरा बेचाळीस आहे. धोंडिराम अडतीस." तिने श्वास घेतला. "धोंडिराम वर दिसला तेव्हा माझ्या मनात आलं होतं की काहीतरी चुकलंय. मी तपासलं नाही. मला तपासायचं नव्हतं."

"मग खाली धोंडिराम," अनय सर म्हणाले. "मग तेच लावा ना. हे काय आहे?"

"तेही खरं नाही, सर. ती दोघं जोडीने जातात. एक वर मशीनवर, एक खाली. स्लिप खालचा माणूस भरतो, आणि स्लिपवर नाव एकाचंच मावतं. म्हणजे बेचाळीसमधले काही त्याचेही आहेत. अडतीसमधले काही तिचेही असतील. कोणाचे किती ते मला माहीत नाही. म्हणून मी दोघांना मधोमध ठेवलंय. हाही अंदाजच आहे. पण निदान अंदाज आहे असं दिसतं तरी."

एसीच्या पाण्याचा थेंब खालच्या बादलीत पडला.

"वनमाला मॅडम," अनय सर हळू म्हणाले, "हे तुम्ही सोमवारी मला सांगायचं होतंत."

"सोमवारी मला माहीत नव्हतं, सर. मी आत्ता विचारलं. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं."

इरावती मॅडम उठून टीव्हीजवळ गेल्या. दोघांच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. "हा माणूस मशीनरूममध्ये जातो तेव्हा वर काही लिहितो का?"

"दाराच्या आतल्या बाजूला कार्ड टांगलेलं असतं. वर जो जातो तो तारीख घालतो, सही करतो. पण ते कार्ड तिथेच राहतं, इकडे येत नाही."

"किती सोसायट्या?"

"दोघांच्या मिळून एकतीस."

"कार्डांचे फोटो मागवा. वॉचमनला सांगा, सेक्रेटरीला सांगा, कसंही. दोघं गेले असतील तिथे कॉल दोघांच्याही नावावर लिहा. बुधवारपर्यंत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तोवर कोणाचंच नाव जाणार नाही. आणि अनय, पुढच्या वेळी आकडे राहू दे हो बाजूला. मी पेंगणार नाही."

अनय सरांचे कान लाल झाले. मीटिंग संपल्यावर ते वनमालाच्या टेबलाशी आले आणि "कार्डांची यादी मलाही द्या, निम्मे फोन मी करतो," म्हणून गेले.

ती टेबलाशी बसली आणि सोसायट्यांची यादी उघडली. एकतीस कार्डं. काही ओली झालेली असणार, काही फाटलेली, काहींवर उंदीर चालून गेलेले. एखाद्या मशीनरूममध्ये कार्डच नसणार. धोंडिराम चाळीसच्या वर जाईल असं तिला वाटत होतं. पण वाटण्याचं आज पुरेसं झालं होतं. आणि तो गेला, तर सिद्धेश आणि बाकीचे विचारणारच, आमचं काय, आम्हीही कधी कधी जोडीने जातो. मग त्यांचीही कार्डं. आणि ती चाळीसची रेष, ती तरी काय, एका चौकोनात टाइप केलेला आकडा. उद्या कोणी तिथे पंचेचाळीस लिहिलं की ती आपोआप वर सरकणार होती, कोणाच्या ना कोणाच्या नाकावर.

तिने पहिली सोसायटी काढली. फोन लावणार, तेवढ्यात मोबाइलवर आजची स्लिप आली. घाटकोपरची.

नावाच्या जागी रुचिराने आपलं नाव लिहिलं होतं, नेहमीच्या गोल अक्षरात, पण दाटून, अर्ध्याच जागेत. उरलेल्या अर्ध्यात धोंडिराम होता. शेवटचा म रेघेबाहेर, शिक्क्यावर चढलेला.

सोबत त्याचा एक मेसेज होता. 'नवो फोटो बरो इलो मा? घामाचो हा म्हणान सांगतंय.'

'छान आलाय,' तिने लिहिलं. आणखी काही लिहिणार होती, पण मग मोबाइल पालथा ठेवला आणि स्लिपांचं शीट उघडलं. 'मेकॅनिक' अशा एका रकान्यात तीन वर्षांची नावं एकाखाली एक उभी होती. तिने त्याच्या शेजारी नवा रकाना घातला आणि वर लिहिलं, 'सोबत कोण'. खाली तीन वर्षं सगळं कोरं होतं. शेवटच्या ओळीत तिने पहिलं नाव भरलं, आणि पहिल्या सोसायटीला फोन लावला.

"हॅलो, साकीनाक्याहून लिफ्टच्या ऑफिसातून बोलतेय. नाही हो, लिफ्ट चालू आहे तुमची, घाबरू नका. मशीनरूमच्या दारामागे एक कार्ड आहे. ते जरा बघाल का?"